हिशेबाची वही आणि चवदार तळे : विद्यापीठाचा ताळेबंद पोलादपूरहून वाचताना

(१)
पोलादपूर हे रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे तालुक्याचे गाव. मुंबई-गोवा महामार्ग येथून कशेडी घाटाकडे जातो, दुसरा रस्ता आंबेनळी घाटाने महाबळेश्वरास चढतो आणि सावित्री खाली महाडकडे वाहत जाते. या गावापासून विद्यापीठ किती दूर आहे? प्रश्न साधा आहे, पण त्याची उत्तरे दोन आहेत. त्या दोन उत्तरांच्या मधल्या अंतरात महाराष्ट्रातील उच्च शिक्षणाचा दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास सामावलेला आहे.

(२)
पहिले उत्तर जवळचे आहे. महामार्गावर महाड ओलांडून माणगावच्या दिशेने गेले की लोणेरे लागते. तेथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. दुसरे उत्तर दूरचे आहे. पोलादपूरच्या सुंदरराव मोरे महाविद्यालयात कला, वाणिज्य वा विज्ञान शाखेत शिकणाऱ्या मुलीची पदवी ज्या विद्यापीठाच्या नावाने छापली जाते, त्याचे मुख्यालय जवळजवळ दोनशे किलोमीटरवर, मुंबईच्या फोर्ट भागात आहे. अभियंता व्हायचे असेल तर विद्यापीठ हाकेच्या अंतरावर, आणि इतिहास किंवा मराठी शिकायचे असेल तर समुद्राच्या काठी. असे का झाले हे समजण्यासाठी एक रुक्ष दस्तऐवज उघडावा लागतो : विद्यापीठाचा वार्षिक हिशेब.

(३)
वार्षिक अहवाल आणि ताळेबंद सहसा कोणी वाचत नाही. पदवीदान समारंभाची छायाचित्रे वर्तमानपत्रात येतात, जमाखर्चाची पाने कपाटात जातात. तरीही विद्यापीठ कोणाचे आहे हे त्याच्या बोधवाक्यापेक्षा त्याच्या जमाखर्चावरून अधिक नेमके कळते. पैसा कोणाकडून आला, कोणावर खर्च झाला आणि तो हिशेब तपासण्याचा अधिकार कोणाला होता, हे तीन प्रश्न प्रत्येक काळाला विचारता येतात. या धाग्यात तेच तीन प्रश्न क्रमाने विचारले आहेत.

(४)
आरंभ विद्यापीठांच्या आधीपासून करू. पोलादपुरात कवींद्र परमानंदांची समाधी आहे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य रचणारे हेच परमानंद. त्या काळी विद्येचा खर्च राजाश्रय, इनाम आणि दान या वाटांनी भागत असे. पुढे पेशवाईत श्रावणमासात पुण्यास दक्षिणा वाटली जाई आणि तीवर एकेका वर्षी लक्षावधी रुपये खर्च होत. दाभाड्यांनी सुरू केलेली ही प्रथा पेशव्यांनी वाढवली. पैसा राज्याच्या तिजोरीतला, म्हणजे अखेर रयतेच्या साऱ्यातला. घेणारे मात्र केवळ ब्राह्मण विद्वान.

(५)
१८१८ मध्ये राज्य बदलले, पण दक्षिणा एकदम बंद झाली नाही. एल्फिन्स्टनने ती कमी करून वर्षाला पन्नास हजारांच्या आसपास आणली आणि तिच्याच आधाराने १८२१ मध्ये पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लोकहितवादी आणि त्यांच्या बरोबरच्या तरुण सुधारकांनी मागणी केली की या निधीचा काही भाग मराठीतील उपयुक्त ग्रंथांसाठी द्यावा. पुण्यात त्यावरून मोठा गदारोळ झाला. तो वाद वरवर पाहता अनुदानाचा होता. सार्वजनिक पैशाने पोसलेल्या विद्येचा लाभ कोणाला मिळावा, हा त्याच्या तळाशी असलेला प्रश्न होता. महाराष्ट्रातील आधुनिक शिक्षणाच्या अर्थकारणावरील हा बहुधा पहिला जाहीर वाद म्हणता येईल.

(६)
१८५४ मध्ये चार्ल्स वूड यांचा खलिता आला आणि १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई व मद्रास अशी तीन विद्यापीठे स्थापन झाली. मुंबई विद्यापीठाच्या कायद्यावर १८ जुलै १८५७ ही तारीख आहे. उत्तर हिंदुस्थान तेव्हा पेटलेला होता. नमुना लंडन विद्यापीठाचा होता : विद्यापीठाने स्वतः शिकवायचे नाही, महाविद्यालयांनी शिकवायचे आणि विद्यापीठाने परीक्षा घेऊन पदव्या द्यायच्या. या रचनेला खर्च फार येत नव्हता. प्राध्यापक नकोत, वसतिगृहे नकोत, प्रयोगशाळा नकोत. परीक्षक, कारकून आणि एक सभागृह एवढे पुरेसे होते.

(७)
त्या कायद्यात शुल्कासंबंधी एक कलम होते. ते फारसे उद्धृत होत नाही, पण या विषयाचे मूळ तेथेच आहे. विद्यापीठाने पदव्या आणि परीक्षांसाठी वाजवी शुल्क घ्यावे, ते एका सर्वसाधारण शुल्कनिधीत जमा करावे, त्यातून विद्यापीठाचा खर्च भागवावा आणि जमाखर्चाचा हिशेब वर्षातून एकदा मुंबईच्या गव्हर्नरसाहेबांच्या कौन्सिलपुढे तपासणीसाठी ठेवावा, अशी त्यात तरतूद होती. आजच्या वार्षिक लेखापरीक्षेचा पूर्वज तो हाच.

(८)
या एका कलमाने दोन गोष्टी ठरल्या. पहिली, विद्यापीठाचे हक्काचे उत्पन्न म्हणजे परीक्षार्थी. परीक्षेला बसणाऱ्यांची संख्या वाढली तर निधी वाढणार, मग त्यातले किती उत्तीर्ण झाले आणि किती शिकले हा वेगळा प्रश्न. दुसरी, हिशेब सरकारला द्यायचा. ज्यांच्या शुल्कातून निधी उभा राही, त्यांना तो तपासण्याचा अधिकार नव्हता. १८५९ च्या पहिल्या मॅट्रिक परीक्षेला सुमारे १३० विद्यार्थी बसले आणि जेमतेम वीस-बावीस उत्तीर्ण झाले. १८६२ मध्ये पहिले चार बी. ए. बाहेर पडले : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. कर्तृत्वाच्या दृष्टीने या चौघांचे मोल अपार आहे. परंतु त्या नामावलीत कुणबी, महार, मुसलमान वा स्त्री कोणीही नव्हते.

(९)
शुल्कनिधीतून इमारती उभ्या राहत नाहीत. त्या दानातून उभ्या राहिल्या. अमेरिकेतील यादवी युद्धाने मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आणला होता. त्या काळात, १८६४ मध्ये, प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. मनोऱ्यास त्यांच्या मातोश्रींचे, राजाबाईंचे नाव मिळाले. कावसजी जहांगीर रेडिमनी यांच्या देणगीतून पदवीदान सभागृह उभे राहिले. आराखडे इंग्लंडातील वास्तुविशारद गिल्बर्ट स्कॉट यांचे होते, आणि ते स्वतः मुंबईत कधी आले नाहीत. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस कोसळला, शेअर बाजार बुडाला आणि स्वतः प्रेमचंदही त्यात सापडले. देणगी मात्र तोवर विद्यापीठाकडे आली होती. मनोरा १८७८ मध्ये पुरा झाला.

(१०)
या वैभवावर पहिला खडा सवाल टाकला जोतीराव फुले यांनी. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी हिशेबाचीच भाषा वापरली. सरकारचा महसूल मुख्यतः राबणाऱ्या रयतेच्या घामातून येतो, पण शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो आणि खेड्यातील प्राथमिक शाळा उपाशी राहते, असा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. त्याच निवेदनात, खाजगी रीतीने अभ्यास करणाऱ्यांना विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेस बसण्याची जी सवलत मिळाली होती तिचे त्यांनी स्वागत केले आणि ती वरच्या परीक्षांनाही मिळावी अशी अपेक्षा ठेवली. परीक्षा घेणारे विद्यापीठ आणि दूरचा गरीब विद्यार्थी यांच्यात निदान एक फट असावी, एवढे ते मागत होते. महाविद्यालय ज्याच्या गावापासून चार दिवसांच्या वाटेवर आहे, त्याला ती फटही मोठी वाटते.

(११)
आता तिसरा प्रश्न : कारभार कोणाच्या हाती? १९०४ मध्ये लॉर्ड कर्झन यांनी भारतीय विद्यापीठ कायदा आणला. अधिसभेच्या, म्हणजे सिनेटच्या, सभासदांची संख्या मर्यादित झाली. मुंबईसारख्या जुन्या विद्यापीठांत ती जास्तीत जास्त शंभर, आणि त्यांतील बहुसंख्य सरकारनियुक्त. निवडून येणारे मोजके. विद्यापीठाचे नियम बदलण्यास वा स्वतः करण्यास सरकारला वाव मिळाला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी वरिष्ठ विधिमंडळात या विधेयकाला कसून विरोध केला. गुणवत्ता सुधारण्याचे नाव पुढे करून लोकमताची जागा आकुंचित केली जात आहे, असा आक्षेप त्या काळी घेतला गेला. कर्झन यांची बाजूही नमूद केली पाहिजे : फुगलेल्या अधिसभा आणि ढासळलेला दर्जा ही तक्रार सर्वथा खोटी नव्हती. परंतु उपाय म्हणून जे आले ते नियंत्रण होते.

(१२)
याच विद्यापीठातून १९१२ मध्ये भीमराव रामजी आंबेडकर बी. ए. झाले. पुढे कोलंबिया आणि लंडन येथील विद्यापीठे पाहून परतल्यावर त्यांनी या संस्थेकडे आतून आणि बाहेरून, अशा दोन्ही नजरांनी पाहिले. १९२४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या सुधारणेसाठी समिती नेमली गेली तेव्हा त्यांनी तिला सविस्तर लेखी उत्तरे पाठवली. परीक्षा हेच ज्या विद्यापीठाच्या अस्तित्वाचे आदि आणि अंत आहे, ते संशोधन आणि उच्च शिक्षण यांची वाढ करू शकणार नाही, असे त्यांचे मत होते. पदवीपर्यंतचे अध्यापन महाविद्यालयांकडे आणि पदव्युत्तर काम विद्यापीठाकडे, अशी फाळणीही त्यांना मान्य नव्हती. १८५७ च्या शुल्ककलमाने जे विद्यापीठ घडले होते, त्याच्या मर्मावरच हे बोट होते.

(१३)
मग १९२७ उजाडले. नवनियुक्त सभासद म्हणून डॉ. आंबेडकर मुंबई विधिमंडळात आले आणि १२ मार्च रोजी शिक्षणाच्या अनुदानावर बोलले. भाषण आकड्यांचे होते. या इलाख्यात शिक्षणावर दरडोई चौदा आणे खर्च होतात आणि अबकारीतून, म्हणजे दारूवरील करातून, दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल होतात. निदान तितके तरी शिक्षणावर परत जावेत, अशी त्यांची मागणी होती. प्राथमिक शाळेत येणाऱ्या शंभर मुलांपैकी अठराच चौथीपर्यंत पोहोचतात, उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत बुडतात, हे त्यांनी दाखवले. कला महाविद्यालयांच्या खर्चापैकी सुमारे ३६ टक्के आणि माध्यमिक शाळांच्या खर्चापैकी सुमारे ३१ टक्के रक्कम फीमधून वसूल होते, हे सांगून शिक्षणाचा बाजार मांडला जात असल्याबद्दल त्यांनी सरकारला जाब विचारला.

(१४)
या भाषणानंतर बरोबर आठव्या दिवशी, २० मार्च १९२७ रोजी, ते महाडात होते. चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्याची ती घटना सर्वांस ठाऊक आहे. तिच्यामागचा कायदेशीर पाया मात्र कमी सांगितला जातो. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने संमत केला होता. सार्वजनिक निधीतून बांधलेले व राखलेले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. त्यास अनुसरून १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले होते, काठावर नव्हते.

(१५)
ठरावातील कळीचा शब्द पाहावा : सार्वजनिक निधी. ज्याची डागडुजी सर्वांच्या पैशातून होते त्यावर सर्वांचा हक्क. म्हणूनच सत्याग्रहानंतर जो दावा उभा राहिला, त्यात वादींनी तळे खाजगी असल्याचे म्हटले. मालकी नगरपालिकेची की काठावरच्या काही घरांची, हा प्रश्न न्यायालयात दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल डॉ. आंबेडकरांच्या बाजूने दिला. वहीत तळ्याची नोंद कोणत्या खात्यावर आहे, या प्रश्नावर माणसाचा पाणी पिण्याचा हक्क टांगलेला होता. महाडने देशाला शिकवलेला हाही एक धडा आहे : हिशेबाची वही तटस्थ नसते.

(१६)
त्याच वर्षी विधिमंडळात मुंबई विद्यापीठाच्या कायद्यातील सुधारणेचे विधेयक चर्चेस होते. डॉ. आंबेडकरांनी तेथे हाच न्याय विद्यापीठाला लावला. विद्यापीठ हे केवळ गुणवंतांवर शिक्का मारणारे कार्यालय नव्हे, ज्यांच्यात पात्रता आहे पण पैशाअभावी वा अन्य अडचणींमुळे ज्यांना शिक्षण घेता येत नाही त्यांच्यापर्यंत सोयी पोहोचवणारी ती यंत्रणा आहे, अशी त्यांची भूमिका होती. त्यासाठी अधिसभेत मागास वर्गांना प्रतिनिधित्व असावे असा त्यांचा आग्रह होता. ज्यांनी तळ्याचा कर भरला त्यांनी तळ्याच्या कारभारातही बसावे, असे त्याचे महाडच्या भाषेत रूपांतर करता येईल. १९२८ मध्ये नवा कायदा झाला, अधिसभा विस्तारली आणि विद्या परिषद आली.

(१७)
स्वातंत्र्यानंतर विद्यापीठांची संख्या वाढली. पुणे १९४९, मराठवाडा १९५८, शिवाजी विद्यापीठ १९६२. महाडात पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे, म्हणजे डॉ. आंबेडकरांनी १९४५ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेचे, महाविद्यालय १९६१ मध्ये सुरू झाले. सत्याग्रहाच्या गावी त्यांच्याच नावाने पदवीचे शिक्षण आले. मात्र मुंबई विद्यापीठाचे आजचे क्षेत्र पाहिले तर दोन मुंबई जिल्ह्यांपासून ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गापर्यंत सात जिल्हे त्यात येतात. संलग्न महाविद्यालये आठशेहून अधिक. रत्नागिरीस उपकेंद्र आहे, आणि कोकणासाठी स्वतंत्र विद्यापीठ असावे ही मागणी जुनी आहे. दक्षिण रायगडचे डोंगरी तालुके या साऱ्याच्या मधोमध पडतात : मुंबईही दूर, रत्नागिरीही दूर.

(१८)
आता आजचा कारभार. २०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम १ मार्च २०१७ पासून अमलात आला. त्यानुसार अधिसभा ही आर्थिक अंदाज आणि अर्थसंकल्पीय तरतुदी यांबाबतचे प्रमुख प्राधिकरण आहे. वर्षातून किमान दोनदा तिची बैठक व्हावी लागते. वार्षिक अहवाल, जमाखर्च आणि लेखापरीक्षेचा अहवाल तिच्यापुढे येतो आणि पुढे विधिमंडळाच्या सभागृहांपुढे ठेवला जातो. दैनंदिन निर्णय व्यवस्थापन परिषदेकडे, अभ्यासक्रम आणि दर्जा विद्या परिषदेकडे. अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांचे दहा निर्वाचित प्रतिनिधी असतात आणि त्यांतील निम्म्या जागा मागास प्रवर्ग व महिला यांच्यासाठी राखीव आहेत. १९२७ ची मागणी अशा रीतीने कायद्यात उतरली आहे.

(१९)
कायद्यात उतरणे आणि व्यवहारात उतरणे यांतले अंतर महाडने १९२४ ते १९२७ मध्ये पाहिले होते. मुंबई विद्यापीठाच्या मागील अधिसभेची मुदत २०२२ मध्ये संपली. पदवीधर मतदारसंघाची निवडणूक २०२३ मध्ये जाहीर होऊन ऐन वेळी स्थगित झाली आणि अखेर २४ सप्टेंबर २०२४ रोजी मतदान झाले. मधल्या काळात अर्थसंकल्प झाले, शुल्क ठरले, परीक्षा झाल्या. पदवीधरांनी निवडलेले दहा प्रतिनिधी मात्र सभागृहात नव्हते. शिवाय या मतदारसंघात मत देण्यासाठी पदवीधराने आधी स्वतःची नोंदणी करावी लागते. पोलादपूर-महाडच्या किती पदवीधरांना हे ठाऊक असते, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या घरात विचारून पाहावा.

(२०)
विद्यापीठाच्या जमाखर्चाची रचना थोडक्यात अशी : जमेच्या बाजूस परीक्षा शुल्क, संलग्नता शुल्क, ठेवींवरील व्याज आणि शासनाचे अनुदान, खर्चाच्या बाजूस वेतन, परीक्षांचे मानधन व छपाई, इमारती, विभाग आणि विद्यार्थी कल्याण. मुंबई विद्यापीठाचा अर्थसंकल्प अलीकडे आठशे कोटींच्या वर गेला आहे आणि त्यात तूटही दाखवली जाते. पण या पानांत एक मोठी गोष्ट दिसत नाही. अनुदानित महाविद्यालयातील प्राध्यापकांचे वेतन उच्च शिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयामार्फत येते, विद्यापीठाच्या खात्यातून जात नाही. आणि २००१ पासून नव्या महाविद्यालयांना ‘कायम विनाअनुदान’ तत्त्वावर परवानग्या मिळू लागल्या, तेथील अध्यापनाचा भार विद्यार्थ्यांच्या फीवर पडला. म्हणजे डोंगरी तालुक्यातील विद्यार्थ्याचे शुल्क विद्यापीठाच्या जमेत दिसते, पण त्याच्या शिक्षकाचा पगार कसा भागतो हे त्या ताळेबंदावरून कळत नाही.

(२१)
कामगिरीचे मोजमापही असेच एकांगी असू शकते. २०२१ मध्ये नॅकच्या मूल्यांकनात मुंबई विद्यापीठास ३.६५ गुणांसह सर्वोच्च ‘ए प्लस प्लस’ श्रेणी मिळाली. ही कामगिरी निश्चितच मोठी. परंतु ती श्रेणी विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागांची असते, संलग्न महाविद्यालयांचे मूल्यांकन स्वतंत्रपणे होते. याच विद्यापीठात चार वर्षे आधी, २०१७ मध्ये, संगणकावर उत्तरपत्रिका तपासण्याचा निर्णय घाईने अमलात आणला गेला. सुमारे सतरा लाख उत्तरपत्रिका अडकल्या, कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदत टळली, निकाल महिनोन्महिने लांबले आणि २४ ऑक्टोबर रोजी कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. १८५७ पासून ज्या एका कामावर विद्यापीठ उभे होते, त्याच कामात ते अडखळले. मुंबईतील मुलाला चौकशीसाठी लोकलने कलिन्यास जाता आले. पोलादपूरच्या मुलीला त्यासाठी एसटीचा एक पूर्ण दिवस लागला असता.

(२२)
आता जवळच्या उत्तराकडे, लोणेऱ्याकडे, वळू. डॉ. आंबेडकरांची जन्मशताब्दी तोंडावर असताना, १९८९ च्या अधिनियमाने, महाडजवळ त्यांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ स्थापन झाले. ते एकात्म स्वरूपाचे होते : एकच परिसर, तेथेच शिकवणारे प्राध्यापक, तेथेच प्रयोगशाळा आणि वसतिगृहे. विद्यापीठाने शिकवावे, परीक्षेपुरते उरू नये, या १९२४ च्या विचाराशी जुळणारे असे हे रूप होते. त्याच्या ताळेबंदात शिक्षकही होता आणि विद्यार्थीही. ज्याचे नाव त्यास दिले, त्याच्या कल्पनेस ते बरेचसे शोभणारे होते.

(२३)
२०१४ च्या नव्या अधिनियमाने या विद्यापीठाचे स्वरूप पालटले. ते राज्यभरासाठी संलग्नता देणारे तंत्रशास्त्र विद्यापीठ झाले आणि २०१७-१८ पासून महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांतील अभियांत्रिकी महाविद्यालये त्यास जोडली जाऊ लागली. या बदलाची दुसरी बाजू न्यायाने मांडली पाहिजे. छोट्या एकात्म विद्यापीठास शासकीय अनुदानावाचून आधार कमी असतो. संलग्नतेने शुल्काचे उत्पन्न येते, विदर्भ-मराठवाड्यातील महाविद्यालयांनाही तंत्रशिक्षणाचा समान अभ्यासक्रम मिळतो. परंतु त्याबरोबर १८५७ चे गणितही परत येते : महाविद्यालये वाढली की परीक्षार्थी वाढतात, परीक्षार्थी वाढले की निधी वाढतो, आणि विद्यापीठाचे लक्ष वर्गाकडून परीक्षा विभागाकडे सरकण्याचा धोका वाढतो. आंबेडकरांच्या नावाचे विद्यापीठ आंबेडकरांनी ज्या रचनेवर टीका केली तिच्याकडे वळले, ही विसंगती कोणा एका व्यक्तीच्या दोषातून आलेली नाही; जमाखर्चाच्या रेट्यातून आली आहे.

(२४)
एकत्र पाहिले तर पावणेदोनशे वर्षांच्या या प्रवासात तीन प्रश्नांची उत्तरे हळूहळू बदलत गेली. पैसा रयतेच्या साऱ्यातून आला, मग व्यापाऱ्यांच्या दानातून, मग कर आणि शुल्कातून. लाभ श्रावणदक्षिणेच्या रांगेपासून निघून निदान कायद्याने सर्वांपर्यंत आला. हिशेब आधी गव्हर्नरच्या टेबलावर जाई, आज तो अधिसभेपुढे आणि विधिमंडळापुढे जातो. फुले आणि आंबेडकर या दोघांनी या प्रवासातील कळीच्या वळणांवर भावनेचे आवाहन न करता आकडे पुढे ठेवले, हे विशेष. चौदा आणे विरुद्ध दोन रुपये : एवढी तुलना विधिमंडळात उभी करायला आधी अंदाजपत्रक वाचावे लागते.

(२५)
म्हणून पुढच्या वेळी एखाद्या विद्यापीठाचा वार्षिक अहवाल हाती आला तर छायाचित्रांची पाने उलटून मागच्या तक्त्यांपर्यंत जावे. परीक्षा शुल्कातून किती आले आणि ग्रंथालयावर किती गेले? विद्यार्थी कल्याणाची तरतूद खर्च झाली की तशीच राहिली? दूरच्या तालुक्यांतील महाविद्यालयांच्या नावावर कोणती ओळ आहे? अधिसभेत त्यावर कोणी बोलले का? हे प्रश्न विचारण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. नोंदणीकृत पदवीधरास ते मतपेटीतून विचारता येतात, इतरांना आमदारांमार्फत, कारण ती पाने त्यांच्याही पुढे ठेवली जातात.

(२६)
महाडचे तळे १९२४ पासून कागदोपत्री सर्वांचे होते. ते खरोखर सर्वांचे होण्यासाठी माणसांना काठापर्यंत चालत जावे लागले, आणि मग दहा वर्षे न्यायालयात उभे राहावे लागले. विद्यापीठही कागदोपत्री सर्वांचे आहे. पोलादपूरपासून त्याचे खरे अंतर किलोमीटरमध्ये मोजता येणार नाही. ज्या दिवशी या डोंगरातील पदवीधर त्याचा ताळेबंद मागून घेतील, वाचतील आणि त्यावर प्रश्न विचारतील, त्या दिवशी ते अंतर कमी होऊ लागेल.